कानापर्यंत

उदगीरला, ओल्या पोत्याजवळ मांडी घालून
बसलिंगप्पा फुलारी विचारतो, मुहूर्त कितीचा?
बारा पस्तीस. वैशाखातला.
मग गुलाब नको, मालक. माना टाकतील
अक्षता पडेस्तोवर.
मोगरा घ्या. कळ्याच ओवतो पहाटे,
मंगलाष्टका संपता संपता उमलतील.
त्यांचं त्यांना कळतं.

मी मोबाइल पुढं करतो. लेकीनं पाठवलेला फोटो :
कसल्याशा परदेशी फुलांची जांभळी कमान.
चष्मा कपाळावर सारून तो बघतो.
हे हैदराबादवरून येतं. थर्माकोलच्या डब्यात.
वास नसतो.
पण लेकराची हौस असली तर मागवू की.

भाव ठरतो, मोडतो, चहा येतो, पुन्हा ठरतो.

आता हार. नवरी किती उंच?
मी उभा राहतो, तळहात आडवा धरतो
छातीशी.
त्याची पेन्सिल थांबते.
एवढीच?

पलीकडं त्याची सून केळीच्या सोपटाचे दोरे काढतेय.
मी हात वर नेतो. खांद्याशी.
मग परवा सोनाराच्या आरशात
शेजारी कोण उभं होतं ते आठवून
आणखी वर.

वहीत लिहून घेतो बसलिंगप्पा :
हार दोन, मोगरा. नवरी बापाच्या कानाला.
जमा पाचशे.