दिवा पेटेपर्यंत

विरुपाक्ष, हा जुना फ्लॅश मोडीत घाल.
सेलच्या झाकणाची कडी तुटून दोन लगीनसराया झाल्या,
रबरबँडवर चाललाय संसार.
खडेबाजारात तुझ्याएवढा जाणता नाही
म्हणून निपाणीहून सहाच्या बसनं आलोय.
नवा दाखव. पण आधी
काय काय पायजे ते ऐक.

झाकण असं, की हळदीच्या बोटांनी उघडावं,
अंधारात, कॅमेऱ्याचा पट्टा दातात धरून.
सेल उलटा बसला तर त्यानंच म्हणावं, अरे उलटा.
कुठल्या भाषेत? मराठीत म्हण, कन्नडात म्हण,
आमच्याकडं शिव्या दोन्हीतल्या कळतात.

मान पार मागं वळावी.
कार्यालयांची छतं हल्ली पोपटी रंगवतात,
उजेड वर मारला की पोपटी होऊन खाली येतो
आणि अल्बम बघून सासू विचारते,
पोरीला कावीळ हाय काय ओ?
रंग त्यानं वरच्या वर पिऊन टाकावा,
उजेड तेवढा परत द्यावा.

वखारीतली तंबाखूची धूळ तुला ठाऊक नाही,
तुझ्या बेळगावात कुंदा मिळतो.
विडीच्या बायकांचे फोटो काढायला युनियननं बोलावलं.
फ्लॅश मारला, हवेतला कण न् कण चमकला,
तोंडं दिसेनात,
सगळ्या जणी थर्माकोलच्या पावसात बसल्यागत.
मालव्वा स्क्रीनवर वाकून म्हणाली,
हे आमच्या छातीत असतंय रोज. आज बाहेर दिसलं.
तो फोटो मी पुसला नाही.
तरी धूळ वगळून माणसावर पडणारा उजेड
कुणी काढला असंल तर सांग.

ट्रिगर लांबचा पायजे.
कोगनोळीच्या पुढं गेलं की मोबाईल म्हणतो, महाराष्ट्रात स्वागत.
उद्या वरात कागलची आणि नवरी आमची,
एक फ्लॅश अलीकडं, एक पलीकडं उभा केला
तर दोघांनी एकदमच पेटावं.
माझं एवढंच. बाकीचं कोर्ट बघंल.

आवाज नको.
भरताना डासासारखी बारीक शीळ घालतो ना,
ती मयताच्या घरात ऐकू येते.
जातो मी तिथं कधी कधी.
ज्यांचा एकही फोटो नाही, त्यांचा पहिला काढायला.
तेव्हा काजव्याएवढा उजेड पुरे.

आणि भरायला वेळ लागू नये, विरुपाक्ष.
संकेश्वरात भूपालअण्णांच्या कस्तुरीचं लग्न.
शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट सरला,
कस्तुरी हसली.
मी बटण दाबलं.
दिवा पेटायचा होता अजून.
एक. दोन. तीन.
चौथ्याला पेटला, तोवर अक्षता जमिनीवर
आणि तिच्या तोंडावर फोटोचं हसू.

काळी फ्रेम.
रात्री कॉम्प्युटरवर ओढून ओढून उजळली,
गोणपाटासारखी दाणेदार.
कस्तुरी त्यात नीट नाहीच.
मागं खांबाजवळ, ट्यूबलाइटखाली,
भूपालअण्णा टोपी काढून
टोपीच्या आत बघत उभे,
काहीतरी तिथं ठेवलेलं आणि सापडंना, तसे.

फ्लॅश पेटला असता
तर खांबापलीकडं सगळं काळं.

अल्बमात घातला नाही मी तो.
पाकिटात घालून अण्णांना दिला,
त्यांनी न उघडताच आतल्या खिशात ठेवला.
नंतर उघडला असंल. विचारलं नाही.

लिहिलास काय वेळेचं? खोड ते.
नको, राहू दे.
हसतोस काय,
शंभरातनं एकदा त्यानं उशीर करावा,
असं कंपनीला कळवता येतंय काय बघ.

बरं, असला येईपर्यंत चार सेल दे.
आणि रबरबँड हाय काय, जाडसर?
लाल नको. काळा.
लग्नात दिसू नये.