स्किन कलर

गांधीबागेतल्या दुकानदारानं बिलावर लिहिलं:
जाळी, दोन मीटर, स्किन कलर.
घरी येऊन मशीनवर पसरली
तेव्हा सुकेशनीनं आपला दंड तिच्याखाली सरकवला
आणि खुदकन हसली,
"हे कोनाचं अंग होय, काकू?"

तिचा दंड वाळल्या मोहफुलाचा.
जाळी उकडलेल्या बटाट्याची.

महिन्याआधी मोबाइल घेऊन तीच आली होती.
कुठल्याशा देशातली पोरगी, बर्फावर,
पायांत पात्यांचे जोडे.
बर्फ आम्हाला माहीत तो वडशाच्या बाजारातला,
मासळीच्या पेटीतला, भुसा लागलेला.
पण मी बर्फ पाहिलाच नाही.
पोरगीचा चेहराही आता आठवत नाही.
मी शिवण पाहिली,
मागे नेऊन, मागे नेऊन,
माझा नेटपॅक संपला तेव्हा तिच्या भावाचा संपवला.

पाठ उघडी दिसते, नसते.
खडे कातडीवर उगवल्यासारखे, पण तसे नसतात.
मध्ये एक जाळी असते,
सगळं तिनंच धरलेलं,
आणि तिचं काम हेच की ती दिसू नये.

आणि झालर!
पोरगी थांबते, झालर थांबत नाही.
अर्धी गिरकी तिची स्वतःची असते.
त्यासाठी कापड उरेब कापायचं,
सरळ कापलं की परकर होतो.

सोनबाजी बुढा दारात बसून बघत होता.
दंडारीत बाई व्हायचा तो, मिशा काढून.
"बायकोचं लुगडं नेसून बावीस साल नाचलो,
पदराले सांगा लागे का, थांब मनून?"
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "थोडी ढिली ठेव कमरेत.
भूक लागते नाचताना."

गंजात पाणी ठेवलं.
चहापत्ती, पानठेल्यावरून आणलेला कात, मीठ.
पहिला तुकडा विटेसारखा निघाला.
दुसरा हिरवट, कावीळ झाल्यासारखा.
तिसऱ्या वेळी सुकेशनीलाच चुलीजवळ बसवली,
हात गंजाच्या काठावर,
आणि थेंब थेंब कात घालत
एकदा हात बघू, एकदा जाळी,
एकदा हात,
शेवटी दोन्हींत फरक करता येईना
तेव्हा चूल विझवली.

मंडईच्या रात्री दहिवर इतकं
की पडद्याची दोरी ओली.
मी विंगेत, तोंडात दोरा, पदराला सुया.
दुसऱ्या अंकाआधी तिचा नाच.
तिच्या पायात पाती नव्हती,
फळ्या होत्या, त्यांतली एक करकरणारी,
ती चुकवून तिनं गिरकी घेतली.
दुसरी घेतली.
तिसरीला थांबली.

झालर थांबली नाही.

शिट्ट्यासुद्धा त्या अर्ध्या फेऱ्यानंतर आल्या.
तोवर मंडपातले सगळे, बीडीवाले, भेळवाले,
श्वास धरून त्या कापडाकडे.
पुढच्या सतरंजीवर घोंगडीत गुंडाळलेली एक म्हातारी
शेजारणीला मोठ्यानं बोलली,
"माय मा, उघडीच पाठ!
या पोरीले थंडी नाई वाजत?"

सव्वीस वर्षं मी मशीन मारते.
ब्लाऊज बसला नाही म्हणून बायका सांगायला येतात,
बसला तर कोणी येत नाही.
त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले.

नाच संपल्यावर सुकेशनी विंगेत आली,
दात वाजत होते.
पाठीचा हूक तुटला होता, कधी कोण जाणे,
जाळी एका टाक्यावर तगलेली.
"दिसलं का?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, काहीच दिसलं नाही.
ती कुठलं म्हणत होती आणि मी कुठलं,
आम्ही विचारलं नाही एकमेकींना.

शिलाई साडेसातशे ठरली होती, पाचशे मिळाले.
बिनरंगाचा एक वीतभर तुकडा उरला.
त्यानं मी चहा गाळते.