डेली

एका दिवसाची लेन्स मी चार दिवस पुरवते.
शारजात सगळंच पुरवावं लागतं,
पगार, पाण्याचा जार,
आईशी फोनवर बोलताना आवाज.

गुरुवारी डबल ड्यूटी.
रोलाच्या खोलीवर आले, बुटांसकट आडवी झाले.
एसी रात्रभर कोरडं फुंकत राहिला.

पहाटे पापणी उचलेना.
ट्यूबलाइटभोवती कडं, डोळ्यात वाळू.
"ओढू नकोस," हसीबा ओरडली, "आधी थेंब."

डॉक्टरीणबाईंनी निळ्या उजेडात पाहिलं.
बुबुळाला जखम.
"घालूनच झोपलात?"
"डुलकी लागली."
"कधीची लेन्स?"
"कालचीच."
त्या काही बोलल्या नाहीत.
लिहिलं: थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा.

आता तासातासाला गजर.
हसीबा शिव्या घालत उठते
आणि अर्धवट झोपेत
माझी खालची पापणी
धरून ठेवते.