मध्यरेषा

घणसोली, समाजमंदिराचा पहिला मजला.
मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ.
खाली मांडववाल्याचे बांबू, वर आम्ही बारा बायका
निळ्या गाद्यांवर, अनवाणी,
कुणाच्या बोटांत जोडवी, कुणाच्या टाचांना भेगा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं,
सर, यातलं खरं कामाचं कोणतं?
बाजार समितीत बावीस वर्षं बटाट्याची आवक लिहिते मी,
भाव विचारल्याशिवाय गोणीला हात लावत नाही.

नाखवा सर हसले.
म्हणाले, कराटेत पाय उचलायला शिकाल,
पण साडीत, ओल्या फरशीवर, तो उचलू नका.
ज्युदोत पडायला शिकाल. ते रोजच उपयोगी.
बॉक्सिंग बरं, त्यात मार खायची सवय होते,
पहिल्या ठोशाला माणूस दुखण्यानं नाही, आश्चर्यानं हरतो.
लाठी उत्तम, पण लाठी घेऊन कामाला कोण निघतं?
आणि चाकू दिसला तर पर्स फेका नि पळा.
पळण्याला अजून कुणी पट्टा देत नाही,
नाहीतर तुम्हाला थेट काळाच दिला असता.

मी वहीत लिहून घेतलं.

दाराशी स्टुलावर मढवी मावशी,
हॉलच्या चाव्या कमरेला.
"न आमची कबड्डी, मास्तर? ती नाय धरत तुम्ही?"
कधीकाळी गावच्या संघातून चढाईला जायची,
उजव्या गुडघ्यावर अजून व्रण.
गादीवर बसली नि म्हणाली, धरा घोटा. दोघी धरा.
साठीची बाई, घोटा लाटण्याएवढा.
आम्ही ओढायची वाट बघत होतो.
ती उलट आमच्याच अंगावर सरकली,
मूठ सैल पडली क्षणभर,
आणि अंगठ्याच्या फटीतून पाय गेला
खाडीच्या चिखलात निवटी जावी तसा.

"मारायचं नसतं यात," मावशीला धाप लागली होती,
"शिवायचं न माघारी यायचं.
दम सुटायच्या आधी रेषेला बोट लागलं, झालं."

मग दोन आठवडे आम्ही नुसतं सुटणं शिकलो.
मनगट, ओढणी, केस, गळा.
आणि ओरडणं. माझा आवाज लिलावात तयार झालेला,
मांडववाला धावत वर आला, हातात बांबू.

तेव्हा सगळ्या हसल्या, पूर्वजा सोडून.
महापेला रात्रपाळी करणारी,
एप्रिलमध्येही पूर्ण बाह्यांची.
तिनं विचारलं, सर,
हात ओळखीचा असेल तर?

सर पंख्याकडे बघत राहिले.
मी वही उघडली, उगाच, पान चाळलं.
घरापासून पळायचं की घराकडे,
हे त्यात कुठंच नव्हतं.
खाली बांबू रचल्याचा आवाज येत होता, एकावर एक.

मावशी उठली.
खिडकीतला खडू घेऊन उंबऱ्याला आतून रेघ ओढली,
वाकडीच आली, पुसली नाही.
मग कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवायला लागली,
कडी घट्ट, नख तुटलं, दातांनी उघडली.
"ही वरच्या दाराची. खालचं उघडंच असतं.
दम धरून यायचं. रेषा इथं आहे."
पूर्वजानं किल्ली डब्याच्या झाकणाखाली ठेवली,
चपातीच्या फडक्यात.

मंगळवारी ती आली नाही.
शुक्रवारीही.
पुढच्या मंगळवारी आम्ही जिना चढलो तर
हॉल आमच्याआधीच उघडा,
पंखा चालू,
गाद्यांच्या चळतीवर कुणीतरी पाय पोटाशी घेऊन झोपलेलं.
उंबऱ्याबाहेर चप्पल, एकाच पायाची.

मावशीनं ओठांवर बोट ठेवलं.

त्या दिवशी क्लास जिन्यात झाला.
आम्ही अकराजणी, पायरीला दोघी,
आणि सर कुजबुजत सांगत होते,
जिन्यात कुणी गाठलं
तर नेहमी वरची पायरी धरा.