पारखी

बाबा विचारतात, किती उरल्या?
मी म्हणते, सात. काल अकरा होत्या.
ते मान हलवतात, गाडीतून उतरलेली पोती मोजताना हलवतात तशी,
आणि खांद्यावरची धूळ झटकून मोरीकडे वळतात.

कोपरखैरण्यातल्या आमच्या माथाडी चाळीत
पंख्याखाली माझा तक्ता उघडा:
विद्यापीठ, फी, शेवटची तारीख, गाईड,
शिष्यवृत्ती किती,
आणि ती महिन्याच्या महिन्याला हातात पडते का.

विषय मात्र फार आधी ठरला.
मी सातवीत असताना तुर्भ्याच्या दाणाबाजारातून
ते काडेपेटीत घालून तांदळातले सोंडे आणायचे.
बघ, हत्ती.
आई ओरडायची, डब्यांना लागतील.
लागले एकदा.
ताटात तांदूळ पसरून गच्चीत उन्हाला ठेवले
आणि मी शेजारी बसून मोजत राहिले, दोनशे बारा,
सगळे एकाच कडेला पळत होते.
सावली तर दोन्हीकडे होती.

साठवणीतल्या किडीवर आयुष्य घालवणारी माणसं
जगात फार नाहीत.
त्यांची नावं मला मजल्यावरच्या बिऱ्हाडांसारखी पाठ आहेत,
कुणाकडे कोण शिकलं, कुणाचे विद्यार्थी
किती वर्षांत सुटतात.
सुटतात असंच लिहिलं होतं मी. खोडलं नाही.

पहिली ओळ मोठ्या नावाची.
महाप्याच्या लॅबमधले साळुंखे सर म्हणाले,
डोळे मिटून अर्ज टाक.
फोटोत हिरवळ, काचेची इमारत,
गवतावर हसत बसलेली मुलं.
बाबांनी फोन लांब धरून पाहिला.
म्हणाले, पोत्याचं तोंड सगळेच चांगलं भरतात गं.
पारखी मारायची ती खाली,
शिवणीजवळ,
जिथं पोतं ओल्या लादीला टेकलेलं असतं.

मग मी शिवण शोधू लागले.
तिथून पदवी न घेताच गेलेल्यांची नावं
जुन्या शोधनिबंधांच्या आभारांत सापडली,
पुढे कुठेच नाही.
सहा जणांना लिहिलं. एकीचं उत्तर आलं,
नाझनीन, आता पिठाच्या कारखान्यात नमुने तपासते.
काम चांगलं होतं, तिनं लिहिलं,
फक्त आजारी पडायची सोय नव्हती.

हे कुठल्या रकान्यात घालायचं?
नवा रकाना केला. त्याला नाव सुचलं नाही,
पण तो भरता भरता तीन ओळी गेल्या,
मोठं नाव त्यांतलंच.

तळाशी एक लहानसं गाव होतं,
क्रमवारीत न बसणारं, गव्हाच्या कोठारांना लागून विभाग.
तिथल्या बाईंना मी भीत भीत गच्चीवरचं सांगितलं.
चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर,
त्यात एवढंच:
पळाले तेव्हा किती वाजले होते?

मी दुपारभर तेच आठवत बसले.
भोंगा झाला होता की नव्हता,
आई झोपली होती का.

एकेका अर्जाची फी म्हणजे बाबांची आठवड्याची हजेरी.
हा रकाना मी तक्त्यात ठेवलेला नाही.

किती उरल्या, बाबा पुन्हा विचारतात,
केसांतून पाणी गळतंय.
चार.
चार म्हणजे हलकंच की, म्हणतात ते, आणि पाठ दाबतात.

आई कुकर उतरवते.
त्या गावात तांदूळ कसला मिळतो, विचारते.
ते पाहायचं राहिलंच होतं.