ग्राहक क्रमांक

मीटर जिन्याखाली आहे, रांगेतला सातवा,
त्याच्या झाकणावर खडूनं लिहिलंय: पिएदाद.

पिएदाद कुलासो वारल्या त्याला दोन वर्षं झाली.
त्यांच्या मुलाकडून मी या दोन खोल्या घेतल्या,
वीस वर्षांच्या हप्त्यांवर, कुडचड्यात, बाजाराच्या मागे.
किल्ली त्यानं त्याच दुपारी दिली.
वीज आईच्याच नावावर ठेवून
तो विमानात बसला.

वीज खात्याच्या खिडकीत च्यारीबाब म्हणाले,
नाव बदलायला मूळ ग्राहकाची सही लागेल.
मूळ ग्राहक इगर्जीमागे आहे, मी म्हटलं, फरशीखाली.
त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
मग मृत्यूचा दाखला आण. वारसाची ना-हरकत.
घरपट्टीची पावती.
आणि गॅसचं पुस्तक असलं तर पत्त्याला बरं.

गॅस एजन्सीच्या भिंतीवर लाल रंगात:
पत्त्यासाठी विजेचे बिल आणावे. स्वतःच्या नावाचे.

त्या दोन खिडक्यांमधला रस्ता मी अकरा वेळा चालले.
एकदा मध्येच मालगाडी आली, खनिजाची.
अठ्ठावन्न डबे.
मोजून झाल्यावर लक्षात आलं
की खिडकी एकला बंद होते.

तोवर मी पिएदादच्या उजेडात राहिले.
तिचं बिल दाराखालून आत सरकायचं,
मी भरायचे, पावती तिला मिळायची.
स्वयंपाकघरात एका बटणाशेजारी
पेन्सिलनं, रोमी अक्षरांत, तिनं लिहून ठेवलंय:
हें न्हय.
मी ते तरीही दाबून बघितलं.
तिचं बरोबर होतं.

सही कुरियरनं आली. खिडकीनं ती मानली.
गॅसवाल्यांनी वीज खात्याचा नुसता शिक्का बघून मान हलवली,
आणि एका मंगळवारी सिलिंडर आला,
तिसऱ्या मजल्यावर, मल्लेशच्या खांद्यावरून.
त्यानं नळीला साबणाचा फेस फासला
आणि दोघं वाकून बघत बसलो.
फुगा आला तर घोटाळा, तो म्हणाला,
नाही आला तर मी निघालो.
फुगा आला नाही. पाणी पिऊन तो निघाला.

रविवारी आई आली, गावडोंगरीहून, दोन बस बदलून.
आमच्या घरीही सिलिंडर आहे तसा,
भरतकामाचं फडकं पांघरून कोपऱ्यात बसलेला,
पाहुण्यांच्या चहापुरता.
मी पाहुणी नव्हते,
माझ्या चहाला धुराचा वास यायचा.

मी बटण फिरवलं. टक टक टक, निळी ज्योत.
आई सवयीनं वाकली
आणि तिनं फुंकर घातली.
विझली.
घाईघाईनं मी बटण बंद केलं, खिडकी उघडली,
आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली
जशी मी तिच्याकडे बघायचे, दुधाचं भांडं लवंडल्यावर.
मग चहा तिनंच केला. दुसऱ्या काडीची गरज लागत नाही,
हे तिनं तीनदा बोलून दाखवलं.

बिल पुढच्या महिन्यात आलं. सुगंधी वेलिप.
मी सुगंधा. आणि वेळीप.
दुरुस्तीला वेगळा अर्ज आहे, तिसऱ्या खिडकीत.
मी अजून गेले नाही.
चारशे बारा रुपये, त्यात पंखा जास्त.

काल रात्री साडेनऊला सगळं गेलं.
पंखा स्वतःच्या वेगानं थोडा फिरून थांबला.
मी तक्रारीचा नंबर लावला.
ग्राहक क्रमांक?
शाळेतल्या हजेरी नंबरासारखा मी तो पाठ म्हटला,
न अडखळता, उभी राहून.
नाव?
सांगितलं, बिलावर आहे तसंच.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज,
कुणीतरी जेवत असावं.
सगळ्या कुडचड्याची गेलीय, बाय.
तुझी एकटीची नाही.

बरं, म्हटलं.
आणि अंधारात, घरात,
फोन कानाला तसाच धरून बसले थोडा वेळ.