एका हातानं

कॉलेज रोडच्या दुकानात तो पॅन
वेगळ्या दिव्याखाली ठेवलाय.
आत षटकोनांची जाळी,
पोलादाचे कंगोरे वर, काळा थर त्यांच्या आडोशाला,
मधमाश्या सोडून गेलेलं पोळं जसं.
किंमत सात हजार चारशे नव्व्याण्णव.
तो एक रुपया कुणासाठी सोडलाय, मी विचारत नाही.

तेजल नावाची मुलगी सांगते, काका,
लोखंडी उलथनं चालेल, तारेची घासणी चालेल,
गॅस, इंडक्शन, सगळं.
मी मान डोलावतो.
तीस वर्षं सातपूरला कोटिंग तपासलं मी,
थर किती मायक्रॉनचा ते बोटाला कळायचं.
आणि हेही कळायचं की थर हा शेवटी थर,
निघतो.
कधी, एवढंच ठरायचं असतं.

घरी पुरावे आहेत.
पहिला नॉनस्टिक दिवाळीच्या बोनसचा,
दोन वर्षांत खपल्या धरल्या त्यानं,
आता गॅलरीत असतो, बुलबुल पाणी पितात त्यातलं.
दुसरा स्कीममधला, झाकणासकट मिळालेला.
झाकण उरलंय.
आणि बिडाचा तवा,
प्रफुल्लाच्या वडिलांनी भांडीबाजारात
नखानं वाजवून, कान लावून घेतलेला.
त्याला कुणी वॉरंटी दिली नव्हती
म्हणून तो संपायचंच विसरला.

मग मी इथं का उभा आहे?

एप्रिलमध्ये तिच्या मनगटाचं प्लास्टर निघालं.
बळ काही परत आलं नाही.
परवा धिरडं उलटताना तवा कलंडला.
ती बोलली नाही काही,
ओट्यावरचं पीठ बोटानं निपटत राहिली
ओटा कोरडा झाल्यावरही.
नागलीचा डबा तेव्हापासून उघडला नाही.

म्हणून विचारलं, वजन किती?
तेजलनं खोकं उलटसुलट केलं.
"हे कुणी विचारत नाही, काका."
मी तो डाव्या हातात घेतला,
डोळे मिटले,
तिच्या मनगटाएवढाच जोर लावून उचलायला गेलो.
पोलादाच्या दोन पदरांत ॲल्युमिनियम,
काठ नीट वळवलेला, रिबीट पक्के.
काम चोख आहे, खोटं का बोलू.
जड आहे.

फोन लावला.
"एका हातानं उचलतो का?"
म्हटलं, अंडं अजिबात चिकटत नाही म्हणे.
"मी काय विचारलं?"

संध्याकाळी तवा मी चढवला.
पीठ तिनं कालवलं, डाव्या हातानं, गाठी ठेवून.
पहिलं धिरडं चिकटलं.
"तापू दे की आधी. कांदा अर्धा काप,
तेलात बुडव, फिरव. अहो, पुसताय काय, फिरवा."
दुसरं कडेला फाटलं.
तिसरं आपणहून सुटलं,
आणि मी उगाच खिडकीबाहेर बघितलं.

"साडेसात हजार वाचले," मी म्हणालो.
"ती पहिली दोन कोण खाणार?"

मीच खाल्ली, चटणीशी.
तेजलनं दिलेला गुळगुळीत कागद ओट्यावर होता,
प्रफुल्लानं त्यावर तेलकट उलथनं ठेवलेलं.
ऑफर रविवारपर्यंत आहे.